नानांचा गरम पाय

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात होते, भाकरी तव्यावर. तशीच निघाले. चोपड्याला पोचले तर अंगणात माणसं एकेक करून त्यांच्या पाया पडत होती. मीही वाकले... आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या उजव्या पायाला हात लावला. गार होता.

नाना म्हणजे माझे चुलते. केळीतला माणूस, जन्मभर अनवाणी. किडन्या गेल्या, जळगावला डायलिसिस सुरू झालं आणि हळूहळू पायाला रक्तच पोचेना. अंगठ्याची जखम काळी पडली, वास येऊ लागला. तेव्हापासून भर उन्हाळ्यात पायात मोजा! आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या आम्ही लेकी वाकलो की पाय खाटेखाली ओढून घ्यायचे. "दूरथीनच, माय, दूरथीनच..." ज्याच्या पायावर सारी भावकी डोकं ठेवायची, त्याला स्वतःच्याच पायाची लाज वाटावी!

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली कापावा लागेल. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात स्टेम सेलचे उपचार करून बघतात, हे मीच शोधलं, हट्टही मीच धरला. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी यंत्राने वेगळ्या काढायच्या आणि पोटरीत टोचायच्या. गुण येईलच असं नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं. नाना हसले, "आपलंच पील काढानं, आपलाच वावरमा लावानं. आखो काय?" केळीच्या बुडाशी फुटलेलं पील काढून लावण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

आणि गुण आला हो! जखम भरत गेली, पाय राहिला. दिवाळीला गेले तर नाना ओसरीवर खाटेवर बसलेले, उजवा पाय उघडा, पाटावर ठेवलेला. तोंडभर हसून म्हणाले, "आते पड पाया, माय. हात लाई देख, कसा गरम शे!"

मी वाकले. पण तो जुना वास डोक्यात बसलेला... पाटाला हात लावला आणि उठले. नानांच्या लक्षात आलं. उशाखालचा मोजा काढून पायात चढवू लागले. मेला तो माझा हट्ट आणि मेलं ते माझं शिक्षण! आजही लाजेने मान वर होत नाही.

पुढे थोड्याच दिवसांत हृदयाने दगा दिला. पाट अजून ओसरीवरच आहे, काकू रोज पुसते. परवा पुसता पुसता म्हणाली, "दोन्ही पाय संगे लिसन गयात तुना नाना. दिवाईले तू पाया पडनी ना वं, गरम व्हता ना?"

"व्हता, काकू," मी म्हटलं.