आधी वजन, मग ड्रम

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते कुठे सही करायची असली तरच. हे लिहिलेलं कोणाला दाखवायचं नाही, तरी चुकून कोणाच्या हाती पडलंच तर चुकांबद्दल माफ करावं, आणि जे वाचता येणार नाही ते सोडून पुढे जावं. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

मेहकरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं चिकनचं दुकान आहे. पुढे पत्र्याचं दुकान, मागे घर. आमचे हे कापतात आणि मोजतात. त्यांच्या तराजूचे आकडे दोन्ही बाजूंनी दिसतात, आणि आकडा स्थिर झाल्याशिवाय ते फोडी उचलत नाहीत. गिऱ्हाईक दुसरीकडे बघत असलं तर म्हणतात, "इकडं पहा, मग मले सांगू नका कमी भरलं म्हणून."

मी मागच्या ओट्यावरून मुरवलेलं चिकन विकते. आलं, लसूण, हळद, मीठ, तिखट, दही आणि माझा भाजून केलेला काळा मसाला. शनिवारी संध्याकाळी पातेल्यात लावून ठेवायचं आणि रविवारी सकाळी पिशव्या भरून द्यायच्या. लोकांनी घरी नेऊन फक्त शिजवायचं. अडचण एकच होती. अंदाज चुकला की उशिरा येणारे रिकाम्या हाताने परत जायचे, नाहीतर उरलेलं सोमवारी आम्हीच खायचो.

माझी धाकटी जाऊ शेजारच्या दोन खोल्यांत राहते. बारावी शिकलेली, माहेर खामगावचं, मोबाईलवर सगळं बघून ठेवणारी. दीर मालाची गाडी चालवतात, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. एक दिवस ती सकाळीच आली. हे भाजी निवडत बसले होते. ती भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सरळ बोलत नाही, म्हणून माझ्याकडे तोंड करून त्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"बाई, मी काय म्हणतो, रातभर कायले मुरवत बसता? मशीन भेटते. ड्रम असते, त्यातली हवा काढून घ्यायची अन् फिरवत ठेवायचं. रातभराचं काम पंचवीस मिनिटांत."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "हवा काढल्यानं कोंबडी मुरते, हे आजच आयकून राह्यलो."

"त्याईले सांगा," जाऊ मला म्हणाली, "पिळलेला कपडा पाण्यात सोडला की कसा पाणी पिते? तसंच चिकन मसाला पिते."

ही मशीन तिच्या भावाने खामगावला बघून ठेवली होती. एक हॉटेल बंद पडलं होतं, त्यांचं सामान विकायला निघालं होतं. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की एवढी चांगली मशीन होती तर हॉटेल बंद काऊन पडलं? पण मी विचारलं नाही. विचारायच्या गोष्टी माझ्या नेहमी मनातच राहतात.

पैसे तिने दिले, तिच्या भिशीचे. ठरलं असं की मी रविवारच्या विक्रीतून थोडे थोडे फेडायचे, आणि फिटेपर्यंत ड्रमजवळ ती उभी राहणार. "मशीन नाजूक हाय," ती म्हणाली. मला वाटलं, मशीन नाजूक आहे की माझा भरवसा नाही?

ड्रम आला. स्टीलचा, आडवा, हंड्याएवढा. झाकणाला जाड रबर, बाजूला पंप, वर हवेचा दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ. आत तीन पट्ट्या, फिरताना फोडी त्यांवर चढायच्या आणि धपकन पडायच्या. पंप सुरू केला की काटा हळूहळू खाली जायचा. झाकण मग कितीही ओढा, निघायचं नाही. शेवटी हवेची चावी सैल केली की फुस्स आवाज करून हवा आत शिरायची. पहिल्या दिवशी मी दोन पावलं मागे सरकले. जाऊ हसली.

"बाई, साप नाही तो."

"मला काय माहीत काय आहे," मी म्हणाले.

मी त्या ड्रमवर पहिल्यापासून नजर ठेवली. पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री थोडं चिकन गुपचूप माझ्या जुन्या पातेल्यात लावलं आणि सकाळी थोडं ड्रममधलं ठेवलं. दोन्ही वेगळी शिजवून ह्यांना वाढली. सांगितलं नाही कोणतं कोणतं. त्यांनी ड्रममधली फोड मोडली, आत हाडाजवळ लाल मसाला दिसला. म्हणाले, "हे चांगलं झालं." मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला उलट वाटलं, इतक्या लवकर एवढं आत कसं गेलं?

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. पातेल्यात सकाळी तळाला पाणी साचलेलं असायचं, ते मी पिशवीत घालत नसे. ड्रमच्या तळाला काहीच उरत नव्हतं. आणि जाऊ दर रविवारी फ्रीजमधली एक थंडगार बाटली घेऊन यायची. फोडी टाकल्या, मसाला टाकला, की ती बाटली आत ओतायची.

"हे कायचं पाणी?" मी एकदा विचारलं.

"मिठाचं. व्हिडिओत दाखवतात. चिकन नरम राहते."

"एवढं?"

"अवं बाई, थोडंसं तर हाय."

ते थोडंसं नव्हतं. पण पैसे तिचे, मशीन तिच्या भावाने आणलेली. मी झाकण लावलं. लोक मात्र यायला लागले. उशिरा आलेल्यालाही चिकन मिळत होतं. आम्ही ड्रममधून काढलेलं चिकन आत घरात मोजायचो आणि पिशवीत भरायचो. पहिल्यापासून मसाल्यासकटच वजन व्हायचं, त्यात नवं काही नव्हतं. जाऊ खूश होती. दर रविवारी संध्याकाळी मी तिला पैसे द्यायचे आणि ती ते बोटाला थुंकी लावून मोजायची.

आमच्या गल्लीत एक कंपाउंडरीणबाई राहतात. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, तो वारला, नाव राहिलं. वय झालं, पण जीभ धारदार. मी मुरवलेलं विकायला लागले तेव्हापासूनचं त्यांचं गिऱ्हाईक. एका सोमवारी त्या दुपारी आल्या. हातात झाकलेलं पातेलं. ओट्यावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत रस्सा होता, पातळ, आणि त्यात आक्रसलेल्या फोडी.

"सूनबाई, हे पाह्य. काल मी पाणी टाकलं नाही यात. एक थेंब नाही. हे सारं त्यातूनच सुटलं."

मी एक फोड बोटाने दाबून पाहिली.

"माह्या घरी लेक-जावई आले होते. किलोभर नेलं होतं तुह्याकडून. पहिले किलोत सगळ्याईले दोन-दोन फोडी येऊन वर मले एक उरे. काल मले रश्शावर भाकर खायची पाळी आली. लेक म्हणे, आई, ती पाणी विकून राह्यली काय तुले?"

"नाही हो," मी म्हणाले.

"मी तुले चोर नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या रविवारी मी तुह्या नवऱ्याकडून कच्चंच नेईन. त्याचा काटा मले दिसते."

त्या गेल्या. ह्यांच्या तराजूचा काटा त्यांना दिसतो आणि माझा दिसत नाही, हे मला चिकनच्या चाकूपेक्षा जास्त लागलं. माझ्या हाताच्या मसाल्याला गल्लीत नाव होतं. बोलता येत नाही, चारचौघांत बसता येत नाही, माझं जे काही नाव होतं ते तेवढंच. ते आता पाण्यात जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद होतं, हे झोपले होते. मी त्यांचा तराजू मागे आणला. किलोभर चिकन मोजलं. मसाला आणि दही वेगळं मोजलं. जाऊ घालते त्याच मापाने मिठाचं पाणी घातलं. ड्रम फिरवला, थांबवला, फुस्स केलं, आणि सगळं बाहेर काढून पुन्हा तराजूवर ठेवलं. मसाल्याचं वजन सोडूनसुद्धा आकडा किलोच्या बराच वर गेला. तराजू बिघडला असेल म्हणून वजनाचा लोखंडी बाट ठेवून बघितला. तराजू ठीक होता. पाणी फोडींच्या पोटात होतं.

संध्याकाळी मी जावेकडे गेले. ती दाण्याचं कूट करत होती.

"तुला माहीत होतं का?" मी विचारलं.

"काय?"

"पाण्यानं वजन वाढतं ते."

तिने कूट चाळणीत घेतलं, चाळलं, मग म्हणाली, "बाई, सारे असंच विकतात. मशीन काऊन घेतात लोक? नुसतं लवकर होते म्हणून? तुमचे पैसे लवकर फिटून राह्यले, ते कायच्यानं?"

"माझे नाही, लोकांचे पैसे."

"मले माह्ये पैसे पाह्यजेत. ते कसे येते ते तुम्ही पहा."

मी परत आले. रात्रभर नाही, पण स्वयंपाक करता करता विचार केला. ड्रम विकून टाकावा असं आधी वाटलं. पण विकला तर तिचे पैसे कुठून द्यायचे? आणि मशीनचा तरी काय दोष? तिला जे पाजलं ते ती फोडींना पाजत होती. मग पोळी उलटता उलटता मला वाटलं, पातेल्यात रात्रभर मुरायचं तेव्हा लोकांना डोळे झाकून घ्यावं लागायचं. आता पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणूस ओट्यावर बसून बघू शकतो.

रविवारी सकाळी मी ह्यांना म्हणाले, "दुकानातला दुसरा तराजू मागे ओट्यावर ठेवा."

"काऊन?"

"ठेवा ना."

त्यांनी ठेवला, आकड्यांची बाजू गिऱ्हाइकाकडे करून. मी कंपाउंडरीणबाईंच्या दारात गेले. उभ्या आयुष्यात मी कोणाला बोलवायला अशी गेले नव्हते. म्हणाले, "कच्चं घ्या, पण मुरवून घ्या. आधी तुमच्यासमोर वजन करते, तेवढ्याचेच पैसे. मसाल्याचे वेगळे, ठरलेले. मग ड्रममध्ये. तुम्ही तिथंच बसा."

"अन् त्या ड्रममध्ये काय घालशील ते?"

"तेही बघा."

त्या आल्या, ओट्यावर पाय दुमडून बसल्या. तराजूवर फोडी ठेवल्या, आकडा त्यांनी मोठ्याने वाचला. मी मसाला चोळला. तेवढ्यात जाऊ बाटली घेऊन आली. मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि मोरीत ओतली.

"बाई! ओतता काय? मग माह्ये पैसे कवा फिटतीन?"

"फिटतील," मी म्हणाले. "उशिरा फिटतील."

कंपाउंडरीणबाईंनी आमच्या दोघींकडे पाहिलं. म्हणाल्या, "घरातलं भांडण घरात ठेवा, मले भूक लागली." ड्रम फिरत होता तोवर त्यांनी कान लावून ऐकलं. फुस्स झालं तेव्हा त्यासुद्धा दचकल्या, आणि मला बरं वाटलं.

धंदा त्यानंतर हळू झाला. एकेकाचं वेगळं मुरवायचं म्हणजे वेळ लागतो. काही जण कटकट करून निघून गेले. "एवढा वेळ बसायला काय, लग्न लागून राह्यलं का?" असं एक जण म्हणाला. पण उरलेले बसायचे, गप्पा मारायचे, आकडा वाचायचे. कोणी कोणी ड्रममध्ये डोकावून बघायचे, मी बघू द्यायचे.

जावेने ड्रमजवळ उभं राहणं सोडलं. ती आपल्या दारात पाट टाकून बसायची, शेंगा सोलत, आणि नजर माझ्या ओट्यावर. किती जण आले, किती पिशव्या गेल्या, सगळं मनात ठेवायची. संध्याकाळी मी पैसे दिले की म्हणायची, "एवढेच? मले तर जास्त माणसं दिसली."

"अर्धे लोक पाव-अर्धा किलो नेतात."

"असंन," ती म्हणायची, पण डोळ्यांत ते असंन नव्हतं.

मीही तिच्यावर नजर ठेवूनच होते. कधी मसाल्याच्या डब्याचं झाकण तिरपं दिसलं की मला वाटायचं, ही आत काही घालून गेली का. पाण्याचा हंडा मी तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून हलवून आतल्या बाजूला ठेवला. असं एकमेकींकडे बघत आम्ही पुष्कळ रविवार काढले. एका सणाला तिने माझ्याकडे पुरणपोळी पाठवली नाही, मीही तिच्याकडे वाटी पाठवली नाही.

मागच्या महिन्यात शेवटचे पैसे जमले. रविवारी दुपारी, गिऱ्हाईक संपल्यावर, मी ते पदरात बांधून तिच्या दारात गेले. ती शेंगाच सोलत होती.

"घे," मी म्हणाले. "एवढे राहिले होते."

तिने नोटा घेतल्या आणि तशाच ब्लाऊजमध्ये खोचायला लागली. पहिल्यांदाच, न मोजता. एरवी मला गोड वाटलं असतं. पण मला वाटलं, उद्या म्हणेल कमी होते.

"मोजून घे," मी म्हणाले.

"राहू द्या ना बाई, आता काय तुमच्यावर भरवसा नाही काय?"

"असेल. तरी मोज. माझ्यासमोर."

ती थोडं हसली, ते खरं का खोटं मला कळलं नाही. पाट सरकवून तिने मला बसायला जागा केली. बोटाला थुंकी लावली आणि एकेक नोट मोठ्याने मोजायला लागली. मी प्रत्येक नोटेकडे बघत होते. शेवटची नोट तिने मांडीवर ठेवली आणि म्हणाली,

"भरले. फिटले सारे."