गजाननच्या नावावर पॉइंट नाही

फोन आला तेव्हा मी मैदानाच्या कडेला बसून बोटांना टेप गुंडाळत होतो आणि गजानन अजून कसा आला नाही म्हणून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. पलीकडचा म्हणाला, खाणीत पाळीवर असतानाच गजाननच्या छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं! माझा सख्खा मित्र गेल्याचं ऐकून मी बरं म्हणालो, वर उरलेली टेपही नीट गुंडाळली... महिना उलटलाय. अजूनही जेवताना मध्येच घास तोंडात फिरत राहतो.

गजानन फुलसावंगीचा, मी वणीचा. जिल्ह्याच्या व्हॉलीबॉल संघात कॉलेजच्या वयात आमची गाठ पडली. मी सेटर, म्हणजे दुसऱ्याला मारता यावा म्हणून चेंडू जाळीजवळ अलगद वर ठेवून देणारा. तो स्मॅशर. मी ठेवायचा आणि त्याने हाणायचा. आणि काय हाणायचा! समोरच्याने हात वर करेपर्यंत चेंडू मैदानापलीकडच्या तुरीत गेलेला असायचा. त्याचे वडील, आमचे काकाजी, प्रत्येक सामन्याला मोटरसायकलवर हजर. पोराच्या प्रत्येक स्मॅशला ते उठून शेजारच्याच्या पाठीत थाप मारायचे, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसायला लोक भ्यायचे. गजाननची व्यावसायिक लीगमध्ये निवड झाली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले.

लीगमध्ये त्याची उंची कमी पडली. तिथले खेळाडू ताडासारखे. गजाननने जीव खाऊन मारलेला चेंडू त्यांच्या हातांवर आपटून त्याच्याच पायाशी परत यायचा. दोन-तीन सामने खेळवला, मग बाकावर बसवला, मग घरी पाठवला. त्यानंतर वर्षभर तो चेंडूला शिवला नाही. कपाशीत राबायचा, आणि संध्याकाळी पोट्टे खेळायला बोलवायला आले की गोठ्यात जाऊन बसायचा. मी तोवर इकडे कोळसा खाणीच्या संघात नोकरीला लागलो होतो. आमच्याकडे एक जागा होती, पण स्मॅशरची नव्हे, लिबेरोची. लिबेरो म्हणजे मागे राहून समोरून आलेला चेंडू उचलणारा. त्याला सर्व्हिस करायची नाही, जाळीवर अडवायचं नाही, वरून मारायचं नाही. थोडक्यात, याने स्वतः पॉइंट मिळवायचा नाही, ही व्यवस्था नियमानेच करून ठेवलेली. हे मी त्याला त्याच गोठ्यात बसून सांगितलं.

"म्हणजे मी निस्ता जमिनीवर लोळत राहू काय बे?"

"हो."

त्याने बैलापुढे कडब्याची पेंढी सोडली. मग म्हणाला, "गुडघ्याचे पॅड हायेत का तुह्याजवळ?"

तो वणीला आला आणि सगळं उलटं झालं. जन्मभर माझ्याकडून चेंडू घेणारा आता मला देऊ लागला. कसलीही सर्व्हिस येवो, त्याने उचललेला चेंडू बरोबर माझ्या कपाळावर यायचा, मला पाऊलही हलवावं लागायचं नाही. चांगला सेटर म्हणून माझं नाव झालं ते त्याच्या कोपरांची सालं निघत होती म्हणून. तसं त्याला म्हटलं की म्हणायचा, "मंग चहा पाज." तिशी उलटल्यावर लीगने त्याला पुन्हा बोलावलं, लिबेरो म्हणून. ते कळलं तेव्हा हा मैदानात उताणा पडून रडला. पहिल्या निवडीच्या वेळी डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

आणि मग तो सत्कार. लिबेरोची जर्सी बाकीच्यांहून वेगळ्या रंगाची असते, पंचांना ओळखू यावा म्हणून. पेपरात लीगच्या संघाचा फोटो आला, सगळे निळे आणि गजानन एकटा पिवळा. गावाने परस्पर ठरवून टाकलं की पोरगा कॅप्टन झाला. चौकात फ्लेक्स लागला, 'आमचा कर्णधार'. शाल, श्रीफळ, डीजे, आणि पहिल्या खुर्चीवर फेटा बांधून काकाजी. गजानन माईकवर गेला. "मी कॅप्टन नाही. मले स्मॅश मारता येत नाही, तसा नियमच हाय. मी मांगं राहून बॉल उचलतो, अन् मले थेच आवडते." लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "बॉल उचलणाऱ्या पोट्ट्याचा सत्कार करून राह्यलो का आपण?" काकाजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. त्या हसणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

काकाजी पुन्हा सामन्याला आले नाहीत. "त्याले मारूच देत नाहीत तं मी येऊन काय करू?" एवढंच म्हणायचे. लीगचा हंगाम संपला की गजानन परत आमच्या खाणीच्या संघात यायचा, आणि प्रत्येक सामन्याआधी त्यांना फोन करायचा. तिकडून उत्तर यायचं, शेतात काम हाय. फोन ठेवून हा माझ्याकडे बघून हसायचा. "येतीन ना बे कधीतरी." त्याचं मरण मी एकवेळ सोसेन, पण ते हसू मला सोसत नाही...

गेल्या आठवड्यात गजाननच्या बायकोला, आमच्या वहिनींना, खाणीचं क्वार्टर रिकामं करायला मदत म्हणून काकाजी वणीला आले होते. सामान भरून झालं, टेम्पो सुटायला वेळ होता. "ग्राउंड कुठं हाय तुमचं?" त्यांनी आपणहून विचारलं. मी त्यांना घेऊन गेलो. सराव चालू होता. त्यांना कडेला बसवून मी आत उतरलो. गजाननच्या जागी अजून कोणाला घेतलेलं नाही. समोरून सर्व्हिस आली, डाव्या हाताला, अगदी मागच्या कोपऱ्यात. कोणी हललंच नाही. तिकडचा चेंडू आपला नसतो हे इतक्या वर्षांत आमच्या अंगात मुरलंय. मी तर जाळीजवळ हात वर करून उभा होतो, चेंडू येईल म्हणून. तो पडला, उसळला, भिंतीपर्यंत गेला. दुसरी सर्व्हिसही तिथेच आली. तीही तशीच पडली.

काकाजी उठले. रेषेबाहेर चपला काढून त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

"इथंच राहे का थो?"

"हो काकाजी."

"हे सारे बॉल थोच उचले?"

मी मान हलवली. त्यांनी वाकून ती माती हाताने चाचपली, मग रेषेबाहेर येऊन तिथेच खाली बसले आणि पलीकडे सर्व्हिसला उभ्या असलेल्या आमच्या खेळाडूला म्हणाले, "मार बापा, मार. पाहाले आलो मी."

त्याने चेंडू छातीशी धरून ठेवला. त्याच्याने मारवेना.