पाचव्या चेहऱ्याचे नाक

चुन्याच्या कोणत्याही चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी चाचा त्याच्या गालावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करीत आणि कान जवळ नेत. "आधी ऐकायचं, मॅडम. मग हात लावायचा."

रविवार कारंज्याजवळच्या त्या जुन्या इमारतीखालून तुम्हीही गेला असाल. वर पाहिले असेलच असे नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवर चुन्यात घडवलेले आठ चेहरे आहेत. सात पगडीवाले पुरुष आणि पाचवी, नथ घातलेली एक बाई. दुरुस्तीत चुन्याची रासायनिक तपासणी माझ्याकडे होती, हाताचे काम या सत्तरीच्या कारागिराकडे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

मी ओलावा मोजण्याचे यंत्र लावी, ते टकटक करीत. सातही पुरुषांबाबत आमचे निदान जुळले. "मशीन हुशार आहे तुमची," ते म्हणाले. "फक्त बोलत नाय."

पाचव्या चेहऱ्यापाशी मात्र त्यांनी बोट उचललेच नाही.

मी नमुना तपासला. नाक सिमेंटचे होते. त्याने ओलावा आत कोंडला होता आणि मागचा चुना भुसभुशीत झाला होता. येत्या पावसाळ्यात सबंध चेहरा गळून पडला असता. 'अज्ञात व्यक्तीने केलेली चुकीची दुरुस्ती', असे मी अहवालात लिहिले आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांना वाचून दाखवले.

डब्याचे झाकण लावत ते म्हणाले, "अज्ञात काढा. नाक तुटलं होतं, मीच बसवलं. अब्बा म्हणाले, चुना तीन महिने मुरू दे. मी जवान, मला घाई. सिमेंट काय, एका दिवसात पक्कं."

मी अहवाल मिटला.

"चाळीस वर्षं इथून मान खाली घालून जातो, बेटी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लहान छिन्नीने ते सिमेंट स्वतः काढले. नाक गेले, नथ गेली, चेहरा राहिला. नव्या नाकासाठी त्यांनी पिंपात चुना मुरत घातला. मुदत जवळ आली होती, म्हणून मी तयार चुना मागवू का, असे विचारले.

"तुम्हाला पण घाई?" ते हसले. "तीन महिने."

दुसऱ्या महिन्यात छातीच्या दुखण्याने ते गेले.

अहवालातला 'अज्ञात' मी काढला. इमारतीच्या साऱ्या कागदपत्रांत त्यांचे नाव तेवढ्या एकाच ओळीत आहे.

पिंपातल्या चुन्यावर चार बोटे पाणी राहील, एवढे मी पाहते. पाण्याखाली तो घट्ट होत नाही. दुसरा कारागीर कधी आणू, असे ठेकेदार विचारतो. तीन महिने होऊ द्या, असे मी सांगते.

ते केव्हाच झाले आहेत.