तीनला दोन मिनिटं कमी

आळेफाट्याच्या सायबर कॅफेत प्लायवूडच्या सहा खोपट्या होत्या. दारात वहीवर खरं नाव, गाव आणि वेळ लिहायची, मग आत बसून खुशाल खोटं बोलायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, फाट्यावरच गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. मला पुरुष आवडतात हे आमच्या गावात, पिंपळवंडीत, कुणाला सांगायची सोय नव्हती. चॅटरूममध्ये होती.

तिथे पहिला प्रश्न वयाचा, दुसरा गावाचा, तिसरा हमखास 'गोरा आहेस का?' मी 'गव्हाळ' लिहायचो. आमच्या घरात गव्हाळ कुणीच नाही. मग आडनाव. माझं आडनाव मराठ्यांतही आहे आणि आम्हा बौद्धांतही. ते वाचून समोरचा निर्धास्त व्हायचा आणि मला कुतूहल वाटायचं, हा आता नेमका कुणाशी बोलतोय?

त्यातला एक जण मनापासून आवडला. म्हणायचा, पुण्यात राहतो, रंगाने गोरा. पण पुणेकराच्या मानाने त्याला टोमॅटोवरच्या करपा रोगाची फारच माहिती होती.

दोन महिन्यांनी त्याने विचारलं, 'भेटायचं का?' माझा चेहरा पाहून नको म्हणाला असता, तर सोसलं असतं. पण जात कळल्यावर बदललेला त्याचा चेहरा मला बघायचा नव्हता. म्हणून आधीच सांगायचं ठरवलं, तेही भित्र्यासारखं. भारनियमनात तीनला लाईट जायची. तीनला दोन मिनिटं कमी असताना लिहिलं, 'मी बौद्ध आहे. चालेल का?' त्यातलं 'चालेल का' खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. उरलेलं पाठवलं आणि घड्याळाकडे बघत बसलो. उत्तर यायच्या आत पडदा काळा झाला. सुटलो, असं वाटलं.

बाहेर येऊन वहीत जायची वेळ लिहीत होतो, तर मागून कुणीतरी चॅटरूममधलं माझं टोपणनाव हळूच उच्चारलं. वळून पाहिलं. माझ्याच वयाचा, माझ्याहून काळा, कॉलरला भिजवलेला रुमाल लावलेला.

"गव्हाळ का, राव?" तो म्हणाला.

"आणि तू गोरा!"

"मी कळंबचा. पुण्याचाबी न्हाई."

"ओळखलंस कसं?"

"शेजारच्या खोपटीत व्हतो. तुजा कीबोर्ड लई वाजतो. मी लिवलं का तिकडं खडखड, मंग हिकडं उत्तर. आज लई थांबून थांबून वाजला, मंग तुजं ते आलं."

मग त्याने ते वाचलं होतं तर. आता माझी कानशिलं तापली. मी विचारलं, काय उत्तर देणार होतास? तो चालत गॅरेजशेजारच्या टपरीवर गेला आणि दोन चहा सांगितले.

चहा आला. मी अर्धा पिऊन कप खाली ठेवला. तो करपा, एसटी, भारनियमन यांबद्दल बोलत राहिला. त्याचा चहा संपला. अर्धा भरलेला माझा कप त्याने उचलला, मी जिथून प्यालो होतो तीच कड तोंडाला लावली आणि सावकाश संपवला.

"गार व्हत व्हता," तो म्हणाला.