नंदीचा उजवा डोळा

दोन एलईडी दिव्यांचे तारेचे पाय मी नेलकटरने कापून सारखे केले. एक लांब, एक आखूड असे आले होते. मला वाटलं, कारखान्यात कोणाचा तरी हात चुकला. पोरांच्या वह्यांतले समास सरळ करण्यात हयात गेलेला मराठीचा मास्तर मी. दोन्ही दिवे नीटनेटके करून तळहातावर घेतले आणि ऐटीत कुंदाबाईंकडे गेलो.

कुंदाबाई माझ्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि निवृत्तीनंतर सिंदीत माझ्या शेजारीच राहायच्या. त्यांना जाऊन आता दोन पोळे झाले. कुठलाही सुटा भाग हाती आला की आधी डोळे मिटायचे, ही त्यांची सवय. भर वर्गात बाई डोळे मिटून तारा चाचपत बसायच्या आणि पोरांना वाटायचं, बाई झोपल्या. "पाहून मानूस फसते," म्हणायच्या, "बोटाले इचारा."

माझ्यावर त्यांचा विशेष लोभ होता, कारण माझ्याइतका हमखास चुकणारा विद्यार्थी त्यांना शाळेत मिळाला नव्हता. एकदा टॉर्चमध्ये मी दोन्ही सेल तोंडाला तोंड लावून बसवले. दिवा लागेना. बाईंनी ते बाहेर काढले. "सर, काऊन भांडन लावून राह्यले बिचाऱ्यायचं? गाडीचे डबे कसे, एकामागं एक, सगळ्यायचं तोंड एकीकडे!"

पुढे काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने विझत आली. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरापुढच्या छपरीत बसायचो. समोरचं कपाशीचं हिरवं हळूहळू अंधारात बुडायचं, एखादी मालगाडी लांबून येऊन लांब निघून जायची, आणि चहा कपातच थंड व्हायचा. रुळांकडचा सिग्नल दिसला की बाई हलकेच म्हणायच्या, "हिरवा." जणू कोणी ओळखीचं दारावरून गेलं. भाची नागपूरला बोलावत होती. बाईंचं उत्तर ठरलेलं, "दोन दिवे दोन दिसतात तवर सिंदी सोडत नाई. एक दिसला, की निघाली मी."

ती परीक्षा त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, होती. बाईंच्या वडिलांनी घडवलेला चाकांचा लाकडी नंदी गल्लीतल्या पोरी मिरवणुकीत ओढत न्यायच्या. त्याच्या डोळ्यांत लाल दिवे बसवायचे आणि बाईंनी छपरीतून पाहायचं. नंदी वळणावरून समोर येताना दोन्ही दिसले तर सिंदी, नाही तर नागपूर.

तर ते माझे कापलेले पाय. बाईंनी डोळे मिटले, बोट फिरवलं, थांबल्या.

"बाप्पा! लांब पाय म्हंजे प्लस, सर. तुमी त्याची ओळखच कापून टाकली." मग हसल्या. "राहू द्या. दिव्याच्या कडेले एकीकडे सपाट लागते, तो मायनस."

डावा डोळा त्यांनी स्वतः जोडला. उजवा मी हट्टाने मागून घेतला. डोळे मिटून कडेवर बोट फिरवलं. मला सगळीकडे सपाटच लागत होतं. तेवढ्यात बाहेर डफडं वाजायला लागलं. मी अंदाजाने तारा पिळल्या, वरून चिकटपट्टी लावली.

"सेल लावून पाह्यला का?"

"हो," मी म्हणालो. नव्हता पाहिला.

पोरींनी नंदी वळणापर्यंत नेऊन घराकडे फिरवला. आभाळ जांभळं झालं होतं. झुलीवरची बेगड क्षणभर लकाकून विझली, डफड्याचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत राहिला. कोणा पोरीने बटण दाबलं, आणि त्या जांभळ्यातून एक लाल ठिपका तरंगत येऊ लागला.

बाई खांबाला धरून उभ्या होत्या. "एकच," त्या म्हणाल्या. ठिपका निम्म्या वाटेवर पोचला तेव्हा पुन्हा म्हणाल्या, "एकच हाये, सर. भाचीले फोन लावा."

मी फोन काढला, नंबर शोधल्यासारखं केलं. आपण नापास झालो हे मास्तराच्या तोंडून सहजासहजी निघत नाही. पण डोळ्यांपुढे शेजारच्या दाराचं कुलूप आलं.

"बाई," मी म्हणालो, "मलाही एकच दिसतो आहे. उजवा मी उलटा जोडला. सेल लावून पाहिलाच नव्हता."

बाई खांबाला धरूनच खाली बसल्या. मग खांदे हलायला लागले. मी घाबरलो, पण त्या हसत होत्या. पदराने डोळे पुसले, माझ्या दिशेला तोंड केलं.

"म्हंजे डोळे माहे शाबूत हायेत," त्या म्हणाल्या. "गेलं ते तुमचं डोस्कं!"