पेशंटच्या वतीनं ‘आई गं!’

चूक माझीच. दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. आतून “आई गं! मेले गं!” अशी किंकाळी आली आणि शेजारचे दोघं गुपचूप उठून चालते झाले. मी शहाण्यासारखा डॉक्टरांना म्हणालो, “अशानं पेशंट पळतात हो, काहीतरी करा!” ती किंकाळी पेशंटची नसून मदतनीस बाईंची होती, हे मला काय ठाऊक!

बाई बावीस वर्षं त्या खुर्चीशेजारी उभ्या. सुई हिरडीला टेकायचा अवकाश, पेशंटचा हात दाबून धरत बाई कळवळायच्या. तोंडात बोळे कोंबलेला पेशंट घाबरून त्यांच्याकडेच बघायचा, तेवढ्यात सुई बाहेर. दुखणं एकाचं, कण्हणं दुसरीचं. बरं, नाटक म्हणावं तर बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं.

“बाई, आजपासून तोंड बंद,” डॉक्टरांनी फर्मावलं.

“इथं तोंड बंद करून कसं चालेल, डॉक्टर?”

डॉक्टर हसले नाहीत.

आठवडाभर बाई मुक्यानं ट्रे धूत राहिल्या. इकडे पेशंट लाकडासारखे ताठ. एका कंडक्टरनं डॉक्टरांचं मनगटच धरून ठेवलं, एका आजीबाईंनी तर बोट चावलं. बाईंनी हूं की चूं केलं नाही. घरी मात्र लेकीला सांगून टाकलं, “गप्प उभं राहायला माणूस कशाला? स्टूल ठेवा म्हणावं. शनिवारी काम सोडते.”

पहिल्या दिवशी नुसतं तपासून मला दाढ काढायला बोलावलं होतं, ते नेमकं याच शनिवारी. सुई दिसली आणि माझा सगळा शहाणपणा गळून पडला. बाई भिंतीकडे बघत उभ्या.

“बाई,” मी बोळ्यांमधून विनवलं, “ओरडा ना!”

“मी? पेशंट पळतात म्हणे.”

“ते मीच म्हणालो होतो. चुकलो.”

डॉक्टरांनी आपल्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “ओरडा हो बाई. सगळ्यांचंच भलं होईल.”

“आई गं! लेकराला किती दुखतंय गं!” आठवड्याचं साठलेलं बाईंनी एका दमात सोडलं. मला इतकं भरून आलं, की मीच त्यांचा हात थोपटायला लागलो. दाढ कधी निघाली, कळलंही नाही.

निघताना बाईंनी मला दारात अडवलं. “फुकट नाही हां, बाळा. माझीही एक दाढ किडलीय. ती काढताना तू ओरडायचं.”

मी कबूल झालो. त्याला आता सात महिने होतील. अधूनमधून चौकशीला जातो. बाई गालावर हात ठेवून म्हणतात, “एवढी घाई काय आहे रे? अजून तितकी नाही दुखत.”