वडिलांच्या हिरड्या

वडिलांचे दात पंचेचाळिशीतच हलायला लागले. लातूरकडून येऊन दापोडीत राहिलेला, कारखान्यात वेल्डिंग करणारा माणूस. ना तंबाखू, ना मिश्री. तरी हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा. ते नीट दात घासत नाहीत, असंच मी धरून चाललो होतो. मुलगी झाली तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की बाळाचा मुका घेत जाऊ नका. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तिला जवळ घेतलं ते तोंड बाजूला फिरवून.

मी मात्र दोन वेळा ब्रश करायचो. चाकणला कंपनीत जेवण झालं की बेसिनवर उभं राहून चुळा भरायचो, पोरं हसायची. सदतिसाव्या वर्षी कॅन्टीनमध्ये चपाती चावताना पुढचा दात हलला.

डेंटल कॉलेजातल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे बघितला आणि घरात आधी कुणाला असं होतं का, ते विचारलं. मी वडिलांचं सांगितलं.

"जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात," त्या म्हणाल्या. "काहींचं शरीर त्यांच्याशी इतकं त्वेषानं लढतं, की दाताखालचं हाडच झिजतं. हा धोका पुष्कळदा जन्मतःच येतो. भावंडांत एकाला येतो, दुसऱ्याला नाही."

माझा धाकटा भाऊ गुटखा खातो. त्याचा एकही दात हललेला नाही.

मी विचारलं, "म्हणजे वडील घासायला कमी पडत नव्हते?"

"फक्त त्यामुळे झालं असेल, असं नाही वाटत."

वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. माफी मागायला कुणी उरलं नव्हतं.

माझे तीन दात काढले. मग बाईंनी मुलीला आणायला सांगितलं. ती बारा वर्षांची. तिच्याही एक्स-रेत दाढांजवळचं हाड झिजून खाली गेलेलं दिसलं. दर तीन महिन्यांनी साफसफाई करू, दात बरीच वर्षं टिकवता येतील, असं त्या म्हणाल्या. जन्मानं आलेलं मात्र काढून टाकता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

परतताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "पप्पा, मी तर रोज दोनदा घासते."

"माहितेय मला," मी म्हणालो.

"मग माझं काय चुकलं?"

काही चुकलं नाही, असं मी तिला दोनदा सांगितलं. तिला ते पटलं नाही. घरी आल्या आल्या ती मोरीत गेली आणि रक्त येईपर्यंत दात घासत बसली.